दोन चौदा जुलै आणि एक सेनापती

१४ जुलै २००९ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे या प्रशस्त राजमार्गावर फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचे संचलन निघाले, तेव्हा त्याच्या अग्रभागी भारतीय सैन्यदलांची तुकडी होती आणि तीत मराठा लाईट इन्फन्ट्रीचे जवान होते. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्या वर्षीचे प्रमुख पाहुणे होते. ज्या पलटणीचे केंद्र बेळगावात आहे, तिने त्या सकाळी ज्या स्मृतीला सलामी दिली ती नेमकी कोणत्या घटनेची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडील वृत्तपत्रे या दिवसाला ‘बॅस्टिल दिन’ म्हणतात. फ्रेंच लोक मात्र हे नाव वापरीत नाहीत. ते नुसते ‘चौदा जुलै’ म्हणतात. आणि ज्या कायद्याने हा दिवस राष्ट्रीय उत्सव ठरला, त्या १८८० च्या कायद्यात तारीख आहे, वर्ष नाही.

वर्ष घातले नाही, कारण या तारखेमागे दोन वर्षे उभी आहेत. एक १७८९ चे, बॅस्टिलचा तुरुंग पडला ते. त्यात रक्त सांडले. दुसरे १७९० चे, जेव्हा साऱ्या फ्रान्सने पॅरिसच्या मैदानावर पावसात उभे राहून शपथ घेतली. पहिल्या दिवशी मार्की द लाफायेत पॅरिसमध्ये नव्हता. दुसरा दिवस तर त्याचाच होता. आणि त्यानंतर एका वर्षाने, त्याच मैदानावर, त्याने जे केले किंवा त्याच्या हातून जे झाले, त्याने त्याच्या कीर्तीला लागलेला डाग फ्रान्समध्ये कधीच पूर्ण धुतला गेला नाही.

लाफायेतचा जन्म ६ सप्टेंबर १७५७ चा, मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रांतातील शाव्हान्याक येथील गढीवजा घरात. तो दोन वर्षांचा होण्याआधीच वडील मिंडेनच्या लढाईत इंग्रजांच्या तोफगोळ्याने मारले गेले. १७७० साली आई गेली, पाठोपाठ आजोबाही गेले, आणि बारा वर्षांचा हा पोरका मुलगा फ्रान्समधील अत्यंत श्रीमंत वारसांपैकी एक झाला. सोळाव्या वर्षी त्याचे लग्न नोआय या बलाढ्य सरदार घराण्यातील आद्रियेनशी झाले; ती तेव्हा चौदा वर्षांची होती. लग्न घराण्यांनी ठरवलेले, तरी आद्रियेनने पुढे जे सोसले त्याला दरबारी लग्नाच्या चौकटीत जागा नव्हती. तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

राजदरबारात हा तरुण शोभला नाही. त्याला नृत्य जमत नसे, चटपटीत बोलणे जमत नसे. अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध शस्त्र उचलल्याची वार्ता आली, तेव्हा त्याला जणू आपली वाट सापडली. वडिलांच्या मृत्यूचा हिशेब इंग्रजांशी होताच. फ्रान्सचे सरकार तेव्हा उघडपणे युद्धात उतरण्यास तयार नव्हते. लाफायेतने स्वतःच्या पैशाने ‘ला व्हिक्त्वार’ नावाचे जहाज विकत घेतले आणि एप्रिल १७७७ मध्ये, राजाची मनाई असताना, गर्भवती पत्नीला मागे ठेवून, स्पेनच्या किनाऱ्यावरून तो निघून गेला. जूनमध्ये तो दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर उतरला. जुलैअखेर अमेरिकी काँग्रेसने त्याला मेजर जनरल हा हुद्दा दिला. वय वर्षे एकोणीस, लढाईचा अनुभव शून्य.

हा हुद्दा मानाचाच होता. पण सप्टेंबरमध्ये ब्रँडिवाइनच्या लढाईत पायात गोळी लागूनही तो मागे हटणाऱ्या सैनिकांना सावरीत राहिला आणि जॉर्ज वॉशिंग्टनने त्याला पुत्रवत जवळ केले. स्वतःचे मूल नसलेला सेनापती आणि वडिलांचा चेहरा न आठवणारा मुलगा यांचे ते नाते शेवटपर्यंत टिकले. लाफायेतने आपल्या मुलाचे नावच जॉर्ज वॉशिंग्टन ठेवले. १७८१ साली व्हर्जिनियात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या मोठ्या सैन्याचा, हाती थोडेसे सैन्य घेऊन, त्याने महिनोन्‌महिने पाठलाग केला. समोरासमोर गाठ न पडू देता त्याला समुद्राकडे सरकू दिले. यॉर्कटाउनला जमिनीवरून वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो, समुद्रावरून फ्रेंच आरमार, असा वेढा पडला आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी इंग्रज फौजेने शस्त्रे खाली ठेवली. हाच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणसमोर टिपूला नमवताना त्याच्या बाजूला निजामाच्या फौजेबरोबर हरिपंत फडके यांची मराठी फौज उभी होती. ज्याला एका विशीतल्या फ्रेंच मुलाने दमवले होते, तोच हा माणूस.

लाफायेत परतला तो दोन जगांचा वीर म्हणून. परंतु त्याने अमेरिकेतून केवळ कीर्ती आणली नव्हती. लिहून ठेवलेल्या हक्कांच्या सनदेवर राज्य उभे राहू शकते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्या सनदेतील मोठे भोकही त्याने पाहिले होते. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच वसाहत कायेन येथे त्याने मळा विकत घेतला, तो गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करून दाखवण्याच्या प्रयोगासाठी. या कामात आद्रियेन त्याच्याइतकीच गुंतलेली होती. गुलामगिरीविरोधी मित्रमंडळातही दोघांची ऊठबस होती.

१७८९ मध्ये कर्जाने खचलेल्या सोळाव्या लुईने सरदार, धर्मगुरू आणि सामान्य जन या तिन्ही वर्गांची सभा व्हर्सायला बोलावली. जूनमध्ये सामान्य जनांच्या प्रतिनिधींनी स्वतःलाच राष्ट्रसभा म्हणून घोषित केले. ११ जुलै रोजी लाफायेतने या सभेपुढे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा मांडला. त्याच दिवशी राजाने लोकप्रिय अर्थमंत्री नेकेर यास बडतर्फ केले. ही बातमी दुसऱ्या दिवशी पॅरिसला पोहोचली. पॅरिसभोवती राजाच्या पलटणी गोळा होत होत्या, पावाचे भाव भडकले होते, आणि लोकांनी शस्त्रे शोधायला सुरुवात केली. १४ तारखेच्या सकाळी जमावाने अँव्हालिद या सैनिकी वास्तूतून हजारो बंदुका नेल्या. बंदुका मिळाल्या, दारू मिळाली नाही. ती बॅस्टिलमध्ये हलवण्यात आली होती. लोक तुरुंगाकडे वळले ते मुख्यतः दारूसाठी, हे विसरले जाते. आठ बुरुजांच्या त्या किल्ल्यात कैदी होते अवघे सात. त्यांतले चार खोटे दस्तऐवज करणारे. संध्याकाळपर्यंत हल्लेखोरांपैकी सुमारे शंभर मेले होते, किल्ला पडला होता आणि किल्लेदार द लोने याचे शिर भाल्यावर चढले होते.

लाफायेत तेव्हा व्हर्सायला, सभेत होता. १५ तारखेला प्रतिनिधींबरोबर तो पॅरिसला आला. नगरभवनात त्याचाच संगमरवरी अर्धपुतळा होता, व्हर्जिनिया राज्याने पॅरिसला भेट दिलेला. नागरी सेनेचा सेनापती कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सभाध्यक्षाने या पुतळ्याकडे बोट दाखवले आणि सभागृहाने जयघोष केला. अशा रीतीने एकतीस वर्षांचा लाफायेत पॅरिसच्या सशस्त्र नागरिकांचा प्रमुख झाला आणि विज्ञानवेत्ता बाय्यी नगराध्यक्ष झाला. पॅरिसच्या निळ्या आणि तांबड्या रंगात राजघराण्याचा पांढरा मिसळून टोपीवर लावण्याची तिरंगी फीत या दलाला दिली गेली, त्याचे श्रेय लाफायेतला दिले जाते. आजचा फ्रेंच ध्वज त्याच तीन रंगांचा आहे.

पद स्वीकारून आठवडा उलटला नाही तोच त्याला त्या पदाची खरी किंमत कळली. २२ जुलै रोजी फुलों आणि त्याचा जावई बेर्तिये या दोन अधिकाऱ्यांना लोकांनी त्याच्या देखत ओढून नेऊन ठार केले. त्याने राजीनामा दिला. लोकांनी आर्जवे केली. तो परत आला. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या बाया पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या, तेव्हा त्याचेच शिपाई त्याला न जुमानता मागोमाग निघाले आणि सेनापती आपल्या सैन्याच्या मागून गेला. पहाटे जमाव राजवाड्यात घुसला, त्या घटकेला लाफायेत थकून झोपला होता. पुढे सज्जात राणीचा हात चुंबून त्याने जमावाचा राग शमवला आणि तिचा जीव वाचवला. तरी राजपक्षाने त्याला झोपाळू सेनापती ठरवले ते कायमचे. लोकांच्या प्रेमाचा त्याला मोह होता, हे त्याच्या मित्रांनीही लिहून ठेवले आहे. मात्र त्या प्रेमाखातर कायदा सोडावा, हे त्याला कधी पटले नाही. दोन्ही एकत्र राहू शकतील अशी त्याची समजूत होती आणि एक दिवस ती खरीही ठरली.

तो दिवस १४ जुलै १७९०. बॅस्टिल पडल्याचे वर्ष भरत होते. किल्ला पाडण्याचे काम पालुआ नावाच्या ठेकेदाराकडे गेले होते आणि तो त्याच दगडांतून बॅस्टिलच्या छोट्या प्रतिकृती घडवून जिल्ह्याजिल्ह्यांना पाठवीत होता. किल्ल्याची एक मुख्य किल्ली लाफायेतने मार्चमध्ये वॉशिंग्टनला धाडली, टॉमस पेन यांच्या हवाली करून. गावोगावी नागरी दले एकमेकांशी बंधुत्वाची शपथ घेत होती. त्या सगळ्यांची मिळून एक शपथ पॅरिसमध्ये व्हावी, असे ठरले. जागा होती शां द मार्स, सैनिकी विद्यालय आणि सेन नदी यांमधील कवायतीचे मैदान. मधली जमीन खोल करून चहूबाजूंनी मातीचे उंच बांध घालायचे होते. मजूर अपुरे पडू लागले, तेव्हा सारे पॅरिस फावडी आणि ढकलगाड्या घेऊन तेथे लोटले. मठातील संन्यासी, बाजारातील मासळीवाल्या, सरदारांच्या बायका, विद्यार्थी आणि खाटीक एकाच रांगेत माती वाहत होते. त्या आठवड्याला पॅरिसकरांनी ढकलगाड्यांचे दिवस असे नाव दिले. लाफायेतने स्वतः तेथे फावडे धरल्याचे सांगतात.

आणि १४ तारखेला पाऊस कोसळला. एकदा नव्हे, दिवसभर सरीवर सर. नव्याने आखलेल्या त्र्याऐंशी जिल्ह्यांतून हजारो प्रतिनिधी आपापली निशाणे घेऊन आलेले, बांधांवर सुमारे तीन लाख लोक छत्र्या उघडून बसलेले, आणि मैदानाचा चिखल झालेला. आमच्याकडच्या आषाढात पालखीच्या वाटेवरील माणसे पावसाला भितात का? ते लोकही उठले नाहीत. कुठे कुठे चिखलातच फेर धरून नाचू लागले. मध्यभागी मातृभूमीची वेदी उभारली होती. ओतँचा बिशप तालेरां याने तिरंगी कमरपट्टे बांधलेल्या शेकडो धर्मगुरूंसह तेथे मास अर्पिला. या गृहस्थाची श्रद्धा किती होती, याची शंका तेव्हाही घेतली जात होती. मग पांढऱ्या घोड्यावरून लाफायेत पुढे आला, पायउतार होऊन वेदीच्या पायऱ्या चढला, तलवारीचे टोक वेदीवर टेकवले आणि राष्ट्राशी, कायद्याशी व राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ त्याने सर्वांच्या वतीने घेतली. तोफा झडल्या. राजाने आपल्या आसनावरून राज्यघटना राखण्याची शपथ घेतली. राणीने लहान युवराजाला उचलून लोकांना दाखवले. परतताना जमावाने लाफायेतला घेरले. त्याचे हात, बूट, घोड्याचे खोगीर, जे हाती येईल त्याचे लोक मुके घेत होते. पाडलेल्या बॅस्टिलच्या जागेवर दिवे लावून, फलक टांगून नृत्याचा मांडव उभारला गेला होता आणि तेथे रात्रभर नाच चालला.

राष्ट्र, कायदा, राजा. शपथेतील या तीन शब्दांपैकी शेवटचा आधी निखळला. २० जूनच्या रात्री, १७९१ मध्ये, राजा सहकुटुंब वेष पालटून पळाला आणि व्हारेन येथे पकडला गेला. राजवाड्याच्या पहाऱ्याची जबाबदारी लाफायेतची होती. संशय त्याच्यावरही आला. सभेने राजाला गादीवर ठेवायचे ठरवले. १७ जुलैला, रविवारी, हजारो माणसे शां द मार्सवर जमली. राजा नको, अशा अर्थाच्या अर्जावर सह्या करण्यासाठी त्यांनी आदल्या वर्षीच्या त्याच वेदीचा उपयोग केला. सकाळी वेदीखाली लपलेले दोघेजण सापडले होते आणि लोकांनी त्यांना हेर समजून मारले होते. बाय्यीने लष्करी कायद्याचे तांबडे निशाण फडकवले. संध्याकाळी लाफायेतच्या हाताखालील दल मैदानात शिरले. दगड आले, मग बंदुका सुटल्या. किती मेले याचा निश्चित आकडा कधीच मिळाला नाही. डझनभरापासून पन्नासपर्यंत अंदाज आहेत. शपथेची वेदी आणि तिच्या पायऱ्यांवरील प्रेते यांत एक वर्ष आणि तीन दिवसांचे अंतर होते.

गोळीबाराचा हुकूम त्याने दिला की शिपायांनी आपणहून गोळ्या झाडल्या, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. सेनापती तो होता, आणि नि:शस्त्र माणसांवर बंदुका रोखलेले दल त्याने त्या मैदानात आणले होते. बाय्यीला पुढे १७९३ मध्ये गिलोटिनखाली मारले, आणि त्यासाठी मुद्दाम त्या मैदानाकडे नेले.

पुढचे वर्ष उताराचे. त्याने पद सोडले, नगराध्यक्षपदाची निवडणूक हरला, युद्ध सुरू झाल्यावर सरहद्दीवर गेला. १० ऑगस्ट १७९२ रोजी राजसत्ता कोसळली आणि त्याला अटक करण्याचा हुकूम निघाला. १९ तारखेला तो हद्द ओलांडून निघून गेला, या आशेने की तटस्थ देशातून अमेरिका गाठता येईल. ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याला पकडले. क्रांतिकारकांना तो राजाचा माणूस वाटत होता आणि युरोपच्या राजांना क्रांतीचा. पाच वर्षे त्याने प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या तुरुंगांत काढली, शेवटची मोराव्हियातील ओल्म्युत्झच्या किल्ल्यात. एकदा पळण्याचा प्रयत्न झाला तो फसला आणि पहारा अधिक कडक झाला.

इकडे पॅरिसमध्ये २२ जुलै १७९४ रोजी आद्रियेनची आजी, आई आणि बहीण एकाच दिवशी गिलोटिनवर चढल्या. ती स्वतः कैदेत होती. अमेरिकी वकिलातीच्या प्रयत्नांनी तिचा जीव वाचला. सुटताच तिने मुलाला वॉशिंग्टनकडे पाठवले आणि दोन मुलींना घेऊन ती व्हिएन्नाला सम्राटाच्या भेटीस गेली. मागणी एकच, पतीबरोबर तुरुंगात राहू द्यावे. ऑक्टोबर १७९५ मध्ये ती ओल्म्युत्झच्या कोठडीत दाखल झाली. तिथे तिचे अंग सुजले, जखमा झाल्या. उपचारासाठी बाहेर जायची मुभा मिळत होती, पण परत आत येता येणार नाही, ही अट होती. तिने नकार दिला. सप्टेंबर १७९७ मध्ये, बोनापार्टच्या विजयांनंतरच्या वाटाघाटींत, चौघे बाहेर आले. १८०७ च्या नाताळच्या आदल्या रात्री ती गेली, तुरुंगात खचलेली प्रकृती पुन्हा सावरलीच नाही.

लाफायेत बोनापार्टच्या उपकाराखाली वाकला नाही. त्याला आजन्म कॉन्सल करण्याच्या कौलात त्याने विरुद्ध मत दिले आणि ला ग्रांजच्या शेतावर मेंढ्या पाळीत राहिला. १८२४-२५ मध्ये त्याने अमेरिकेच्या तेव्हाच्या सर्व चोवीस राज्यांचा दौरा केला. असे स्वागत तेथे क्वचितच कोणा परक्याचे झाले असेल. माउंट व्हर्ननला, वॉशिंग्टनच्या घरात, बॅस्टिलची किल्ली भिंतीवर होती, अजूनही आहे. १८३० च्या जुलैत पॅरिस पुन्हा पेटले, तेव्हा बहात्तर वर्षांच्या या म्हाताऱ्याला पुन्हा नागरी दलाचा प्रमुख केले गेले. नगरभवनाच्या सज्जात त्याने लुई फिलिपला तिरंग्यासह लोकांसमोर उभे केले, आणि राजा मिळाला. त्याच राजाने वर्ष संपण्यापूर्वी त्याला पदावरून दूर केले. २० मे १८३४ रोजी तो वारला.

त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी बेंजामिन रास्पाय या प्रतिनिधीने १४ जुलै हा राष्ट्रीय उत्सव करावा, असे विधेयक आणले. १८७१ च्या पॅरिस कम्यूनचे रक्त अजून सुकले नव्हते आणि सिनेटमधील अनेकांना भाल्यावरच्या शिराची आठवण नको होती. इतिहासकार आंरी मार्तां यांनी त्यांना दुसऱ्या चौदा जुलैची, १७९० च्या, आठवण करून दिली. त्या दिवशी कोणाचे रक्त सांडले नव्हते. ६ जुलै १८८० रोजी कायदा झाला. आठच दिवसांनी लाँशां येथे पलटणींना नवी निशाणे देण्यात आली. पुढे संचलन शाँझेलिझेवर आले, अग्निशामक दलांच्या ठाण्यांत रात्री नाचाची प्रथा पडली, आणि आतषबाजीसाठी लोक आयफेल मनोऱ्यासमोर जमू लागले. ते मैदान म्हणजेच शां द मार्स. कोठे वेदी होती, कोठे माणसे पडली, हे विचारणारे त्या गर्दीत फार नसतात.

लाफायेतची कबर पॅरिसच्या पूर्वेकडे पिकप्यूस या लहानशा खासगी दफनभूमीत आहे. १७९४ च्या उन्हाळ्यात गिलोटिनवर चढलेल्या १३०६ माणसांना तेथे दोन खड्ड्यांत टाकले होते. त्यांत आद्रियेनची आजी, आई, बहीण आहेत. तिच्या इच्छेप्रमाणे ती तेथेच पुरली गेली आणि सव्वीस वर्षांनी तो तिच्या शेजारी. शवपेटीवर पडलेली माती अमेरिकेतून, बंकर हिलच्या रणभूमीवरून आणलेली होती. कबरेवर अमेरिकेचा ध्वज बारा महिने फडकत असतो. दरवर्षी ४ जुलैला अमेरिकी प्रतिनिधी तेथे जातात, नवा ध्वज चढवतात आणि पुष्पचक्र वाहतात. दहा दिवसांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, शां द मार्सवर, फ्रान्सची आतषबाजी होते.